दुसरी सही

लियों, ११ जानेवारी १९८८

ती. ओदिलताईस,
सा. न. वि. वि.

नव्या वर्षाचं तुझं कार्ड मिळालं. त्यावर दोनच ओळी, आणि त्यातली एक हवेबद्दल. म्हणजे टीव्हीवरची माझी मुलाखत तू पाहिलीस आणि तुला ती आवडली नाही, एवढं मला कळलं. आवडली असती तर तीन ओळी आल्या असत्या.

आता आढेवेढे न घेता कामाचं सांगतो. मी राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतोय. हसू नकोस. अठ्ठावन्न वर्षांचा झालो. पलटणीत राहिलो, वकिली केली, पाच निवडणुका हरलो, लोकांनी माझ्या अंगावर टोमॅटो फेकले, आणि दोन वर्षांपूर्वी एकदाचा खासदार झालो. निवडून येणार नाही हे मलाही कळतं, पण एकदा मतदानाच्या चिठ्ठीवर माझं नाव छापलेलं मला बघायचंय. आणि ते छापायला कायद्याने निवडून आलेल्या पाचशे लोकांच्या सह्या लागतात. मोठ्या पक्षांच्या खिशात त्या हजारांनी पडलेल्या असतात. आमच्यासारख्यांना मात्र गावोगावच्या मेयरांना गोठ्यात जाऊन गाठावं लागतं. लब्रुने, म्हणजे माझा सचिव, आईच्या मयतीला आलेला तो चष्मेवाला, दोन महिने हेच करतोय. चारशे दहा जणांनी शब्द दिलाय.

तू ला शोची मेयर आहेस. मार्चमध्ये तुला सरकारी फॉर्म येईल. त्यावर माझं नाव, तुझी सही आणि कचेरीचा शिक्का, बास. सख्ख्या बहिणीची सही नाही हे उद्या पेपरवाल्यांनी शोधून काढलं तर माझं हसं होईल. पण त्याच्यासाठी मागत नाही. मला ती हवी आहे म्हणून मागतोय.

स्लिमान कसा आहे? गुडघा दुखतो का अजून? त्याला माझा नमस्कार सांग.

तुझा लोभ हा माझा सगळ्यात जुना मतदार, त्याला फुटू देऊ नकोस.

तुझा,
एदमों


ला शो, २४ जानेवारी

चि. एदमों यास,
अनेक आशीर्वाद. हात जरा आखडून देतेय, थंडीने असं समज.

इथे गुडघाभर बर्फ आहे. चीजच्या सोसायटीत दूध पोचवायला लोकांना दोन-दोन तास लागतात आणि त्याबद्दलही मेयरलाच बोल लावतात. कालच तिथल्या वजनकाट्यापाशी उभी होते आणि तुझी आठवण आली. सात वर्षांचा असताना त्या काट्यावर चढून तू भाषणं ठोकायचास, आणि बाबा, शाळामास्तर असूनही, लाजून मागच्या वाटेने घरी जायचे. लोक म्हणायचे, मास्तरांचं पोर पोटापाण्याला कुठेही लागेल, नुसतं तोंडावर. खरं झालं म्हणायचं.

सहीचं म्हणशील तर तू काही पहिला नाहीस. महिन्याभरात चार जण येऊन गेले. एक झाडं वाचवणारा तरुण बर्फातून सायकल हाकत आला, त्याला आधी सूप पाजलं आणि मग नाही म्हटलं. एकाने सॉसेज आणलं. तुझ्या लब्रुनेचे तर रोज फोन. मी सगळ्यांना एकच सांगते, मी कुणालाच सही देत नाही. गाव दोनशे बारा माणसांचं, त्यात सगळ्या रंगांचे लोक, आणि माझ्याकडे सही एकच. दिली की परत घेता येत नाही. वर सही देणाऱ्यांची नावं पॅरिसहून छापून येतात, उमेदवारामागे पाचशे. तुझे जेमतेम पाचशे होणार, म्हणजे माझं नाव त्यात असणारच.

आणि एक गोष्ट तू विसरलेला दिसतोस. तू माझ्याकडे आधीही एकदा सही मागितली होतीस. बासष्टच्या जूनमध्ये, अल्जीरियातून. पत्र माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहे. त्यात तू स्लिमानबद्दल लिहिलंस, ह्या माणसाने गोळी लागल्यावर मला पाठीवर घालून चार तास चालत नेलं, आता आपली फौज इथून निघाली आणि वरून हुकूम आहे की आपल्या बाजूने लढलेल्या अरबांना बोटीत घेऊ नका. मी त्याला इथे मरायला सोडून गेलो तर पुढे आरशात तोंड कसं बघू. सोबत कागद होता, की ह्या पाच माणसांना मी राहायला जागा आणि काम देते. मी मार्सेलला न विचारता सही केली. नवरा बिचारा आठवडाभर बोलला नाही, आणि मग स्वतःच त्यांच्यासाठी चूल मांडून दिली. तो हिवाळा ती पाच माणसं माझ्या वरच्या खोलीत राहिली. स्लिमानची मुलगी वर्दा तिथेच जन्मली.

आज ती वर्दा कचेरीत माझी कारकून आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी येते. तुझ्या फॉर्मवरचा शिक्का तिच्या टेबलाच्या खणात असतो. आता सांग, तिच्याकडे मागू का?

टीव्हीवर तू म्हणालास की पाहुण्यांनी फार दिवस मुक्काम केला, आता त्यांनी आपापल्या ट्रंका भराव्यात. त्या वेळी स्लिमान माझ्याकडेच बसला होता, त्याचा टीव्ही बिघडलाय. वर्दा उठून बाहेर गेली. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, लेफ्टनंटसाहेबांचा आवाज बसलाय, त्यांना थोडा मध पाठवा. मी पाठवलेला नाही.

गुडघा दुखतो. जंगलात पंचवीस वर्षं झाडं लावली की दुखणारच.

राग आहे, पण तो घरातल्या माणसावरचा आहे, हे ध्यानात ठेवून वाच.

तुझी,
ओदिल


लियों, ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नेहमीसारखी बरोबर दुखतं तिथेच दाबलंस. बाबा गेल्यावर मला शिस्त तूच लावलीस, त्यामुळे तुझा हात सवयीचा आहे. पण ह्या वेळी तू अन्याय करतेस.

स्लिमान पाहुणा आहे असं मी कधी म्हटलं? त्याने ह्या देशासाठी रक्त सांडलंय. तो आपला. मी बोलतो ते बाकीच्यांबद्दल. सभेतला माणूस दिवसभर कारखान्यात राबून आलेला असतो, त्याला घोळवून सांगितलेलं ऐकू येत नाही, जाड अक्षरात सांगावं लागतं. भाषण म्हणजे काय पोस्टकार्ड आहे का, की कोपऱ्यात बारीक अक्षरात अपवाद लिहायचे?

आणि अपवाद मी स्वतः दाखवणार आहे. २६ मार्चला, शनिवारी, लियोंत आमची मोठी सभा आहे. स्लिमानला ये म्हणून सांग. पहिल्या रांगेत, मधोमध, माझ्या नावाने खुर्ची ठेवतो. पदकं लावून येऊ दे. मी त्याला मंचावर बोलावून सगळ्यांना सांगेन की हा माणूस नसता तर मी नसतो. मग मला वाईट म्हणणाऱ्यांची तोंडं तरी बंद होतील.

मला तो तंबू अजून दिसतो, ताई. एकोणसाठ साली पावसाळी संध्याकाळी रिकाम्या खोक्यावर पाटी ठेवून मी त्याला अक्षरं शिकवायचो. पेरार हे माझं आडनाव त्याला आधी लिहायचं होतं, स्वतःचं नंतर. त्याचा प नेहमी बुटासारखा यायचा, पाय पुढे काढलेला. कितीही घटवून घेतला तरी बूटच.

मी थकलोय. रोज दोन गावं, तीन हॉल, तीच कॉफी. घरी आलो की तुझी भावजय सोफी म्हणते, तू अजून सभेतच बोलतोयस. आज आकडा चारशे एकावन्न. झोप लागत नाही, उठून येरझाऱ्या घालतो.

हे शेवटचं मागणं. नाही म्हणालीस तरी तुझा भाऊच राहीन, फक्त जरा लांबचा.

तुझा,
एदमों


ला शो, १ मार्च

लेफ्टनंटसाहेबांस,
स्लिमानचा सलाम.

पत्र मी बोलतोय आणि माझी मुलगी लिहितेय. तिने कपाळाला आठ्या घातल्यात, पण अक्षर चांगलं आहे. माझं तुम्हाला माहीतच आहे.

तुमचं बोलावणं मादाम ओदिलनी वाचून दाखवलं. मी येणार. कोट धुवायला दिलाय. पदकांना चुन्याने घासलं, एकाची फीत जुनी झाली होती ती मुलीने शिवली. बस सकाळी सहाची आहे, पुढे गाडी. एकटा येईन. मुलगी येणार नाही म्हणते, तिला काम आहे.

इथे सगळं ठीक. त्रेसष्ट साली लावलेली झाडं आता चर्चच्या कळसाएवढी झालीत. माझ्या बायकोच्या, झोहराच्या थडग्यावर दगड बसवून घेतला. ती असती तर तुमच्यासाठी रव्याची खजूर घातलेली वडी दिली असती. तुम्ही आमच्या झोपडीबाहेर उभे राहून खायचात, तशी.

सहीचं मी मादाम ओदिलशी बोललो. त्यांना म्हटलं, तुम्ही माझ्यासाठी एकदा सही केलीत तेव्हा मी कोण हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. साहेब कोण हे तर तुम्हाला ठाऊक आहे. त्या बटाटे सोलत राहिल्या. म्हणजे होईल.

तुमचा आवाज जपा. इथून पुढचं नाव मी स्वतः लिहितो.

स्लिमान

ता. क. मी वर्दा. बाबा बोलले तसं लिहिलंय, एक शब्दही बदललेला नाही, बदलायचा मात्र होता. तुम्ही होतात म्हणून मी जन्मले, हे मला लहानपणापासून दर रविवारी ऐकवलं गेलंय आणि ते मी मानते. एकच विचारायचंय. बाबांना पहिल्या रांगेत बसवून झाल्यावर तुम्ही तेच ट्रंकांचं भाषण करणार का? त्यांनी टाळ्या वाजवायच्या की उठून उभं राहायचं, एवढं आधी कळवलंत तर मी त्यांना सांगून ठेवीन.


ला शो, २४ मार्च

चि. एदमों यास,
अनेक आशीर्वाद.

केली सही.

आज गुरुवार, वर्दा नसते तो दिवस. मुद्दामच निवडला, आणि निवडला म्हणून दिवसभर स्वतःशी चरफडतेय. चौसष्ट वर्षांची बाई, सहा वर्षं ह्या गावची मेयर, आणि आपल्याच कचेरीत चोरासारखी खण उघडते. शिक्का मारला तो पहिल्यांदा पुसट आला. परत मारला. नंतर लक्षात आलं की शाईच्या पॅडचं झाकण मी उलटं बसवलंय. उद्या वर्दा आली की तिला ते दिसणार. ती विचारणार नाही, आणि ते जास्त वाईट.

का केली ते सांगते, म्हणजे तुझ्या पक्षाला वाटायला नको की त्यांनी मला जिंकलं. तुझी भाषणं मला पटत नाहीत. तुझ्या सभेतल्या लोकांची मला भीती वाटते. इथल्या शाळेत एकोणीस मुलं आहेत, त्यांतली पाच स्लिमानची नातवंडं. ती नसती तर शाळा चार वर्षांपूर्वीच बंद पडली असती आणि गाव त्यामागोमाग. हे सगळं मला माहीत आहे. पण स्लिमान तीन आठवडे रोज येऊन माझ्या स्वयंपाकघरात बसला. बटाटे सोलू लागला. काल म्हणाला, साहेब एकटे पडलेत, माणूस एकटा पडला की मोठ्याने बोलतो. मी त्याला म्हटलं, तू त्याला ओळखत नाहीस. तो म्हणाला, मी त्यांना चार तास पाठीवर घेतलंय, तुम्ही किती वेळ घेतलंत?

पत्रपेटीत टाकायचं धाडस झालं नाही. फॉर्म लिफाफ्यात घालून स्लिमानकडे दिलाय. शनिवारी तो लिफाफा तुझ्या हातात देईल. त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवून वरून पिन लावली. दर तासाला चाचपून बघतो.

त्याला मंचावर चढताना हात दे, गुडघा वाकत नाही. आणि त्या दिवशी तरी ट्रंका राहू देत.

आता तरी झोप येऊ दे तुला. मला आज येणार नाही.

तुझी,
ओदिल


लियों, २८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं आणि तू सही केलीस हे वाचून मी खुर्चीत बसलो तो बसलोच. सोफीला वाटलं कुणी गेलं. तू किती कष्टाने केलीस ते ओळीओळीत दिसतं. विसरणार नाही.

पण ताई, फॉर्म कुठे आहे? सभा उत्तम झाली, सहा हजार माणूस होतं, पेपरवाल्यांनी चार लिहिलं. स्लिमानची खुर्ची मात्र रिकामी. दोन वेळा मी भाषण लांबवलं, शेवटी तिथे एका आजीबाईंना बसवलं. गाडी चुकली का त्याची? आजारी आहे का? वर्दाने अडवलं असेल तर तसं सांग, मी समजू शकतो.

आज आकडा चारशे अठ्ठ्याण्णव. पाच एप्रिलला, ईस्टरनंतरच्या मंगळवारी, मुदत संपते. लब्रुने दोन मेयरांच्या दारात अक्षरशः तंबू ठोकून आहे. तुझा फॉर्म लगेच पोस्टात टाक. उत्तर परतीच्या डाकेने. इथे माझा एक पाय घरात आणि एक दारात.

तुझा,
एदमों


ला शो, ३० मार्च

चि. एदमों यास,
आशीर्वाद.

गाडी चुकली नाही. कुणी आजारी नव्हतं. वर्दाने अडवलं नाही; तिनेच पहाटे त्याला बसपर्यंत सोडलं आणि कोटाची कॉलर सरळ केली. नीट बसून वाच.

स्लिमान सभा सुरू व्हायच्या दीड तास आधी दारात पोचला. दारावरच्या तुमच्या, दंडाला पट्टी बांधलेल्या स्वयंसेवकांनी त्याला बाजूला घेतलं. म्हणाले, इथे तुझं काय काम, दंगा करायला आलास का. त्याने तुझं आमंत्रणाचं पत्र दाखवलं. एकाने ते वाचलं आणि हे कुठून चोरलंस म्हणून विचारलं. त्याने पदकं दाखवली. दुसऱ्याने पदक बोटात धरून ओढलं, असली बाजारात मिळतात म्हणाला, आणि वर्दाने शिवलेली फीत उसवून पदक खाली पडलं. ते शोधायला तो खडीवर गुडघ्यांवर बसला. त्याच गुडघ्यांवर. सापडलं नाही.

तेवढ्यात तुझी गाडी आली. तू उतरलास. दहा पावलांवर होतास असं तो म्हणतो. तो उठला, टाचा जुळवून सलाम ठोकला. तू बघितलंस. मग कॅमेरेवाले दुसऱ्या बाजूने आले आणि तू तिकडे वळलास.

हे त्याने मला तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी तीन दिवस खोदून खोदून काढलंय. तो म्हणतो, साहेबांच्या डोळ्यांवर ऊन आलं असेल. शनिवारी लियोंत पाऊस होता, एदमों. मी पेपरात फोटो पाहिला, सगळ्यांच्या हातात छत्र्या आहेत.

त्याच्या खिशात तुझ्यासाठी केलेली माझी सही होती. लिफाफा काढून दाखवला असता तर त्याच लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन आत नेलं असतं. मी त्याला विचारलं, का नाही दाखवलास. तो म्हणाला, मला साहेबांनी बोलावलं होतं, सहीने नव्हतं. मग तो स्टेशनवर जाऊन बसला, डब्यातली भाकर खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आला. लिफाफा माझ्या टेबलावर ठेवला. पिनसुद्धा परत केली.

म्हणजे तुझ्या दारापर्यंत मी सही पोचवली होती. तुझ्याच माणसांनी ती आत घेतली नाही.

शाईच्या पॅडचं झाकण वर्दाने शुक्रवारीच सरळ केलं होतं. वडिलांना कुठे पाठवतोय आणि खिशात काय घेऊन, हे तिला माहीत होतं. तरी कॉलर सरळ केली.

आता नीट ऐक. सही मी केली आहे आणि ती फाडणार नाही. लिफाफा मी स्लिमानला परत दिलाय, कारण तो त्याच्याच हाती दिला होता. त्याच्या कपाटात आहे, झोहराच्या शालीखाली. मंगळवारपर्यंत वेळ आहे. लियोंहून इथे यायला अडीच तास लागतात. तू ये. कॅमेरे नकोत, लब्रुने नको. त्याच्या दारावर टकटक कर, आत बस, कॉफी पी आणि घेऊन जा. बासष्टमध्ये हुकूम मोडून ट्रक घेऊन त्याच्या गावी तू स्वतः गेला होतास. हा रस्ता त्याहून सोपा आहे.

मी तुझी वाट बघतेय. हे रागाने लिहिलेलं नाही. लहानपणी अंधार पडायला लागला की फाटकापाशी उभी राहायचे, तशीच बघतेय.

ओदिल


लियों, २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

घाईत लिहितोय. घडलं ते लाजिरवाणं आहे. त्या दोघा स्वयंसेवकांना काढून टाकलं आहे. स्लिमानला माझ्या वतीने माफी सांग. पदक नवीन मिळवून देतो, मंत्रालयात ओळख आहे.

मी त्याला पाहिलं नाही. कोटातलं कुणीतरी दिसलं. इतकी गर्दी, इतका आवाज. पाहिलं असतं तर थांबलो नसतो का?

आज आकडा चारशे नव्व्याण्णव झाला. तू हे मुद्दाम घडवून आणलंस असं मला कधीकधी वाटतं. एक सही उरली आहे आणि ती बायकांच्या शालीखाली पडून आहे.

मला येता येत नाही. रविवारी ईस्टर, सोमवारी रेडिओ, मंगळवारी पॅरिस. लब्रुने सोमवारी दुपारी गाडी घेऊन येईल, त्याच्याजवळ द्या. तो माझाच माणूस आहे, मी आल्यासारखंच आहे.

ताई, मला इथे आडवं घालू नकोस. बाकी सगळं नंतर बोलू.

एदमों


ला शो, २५ एप्रिल

चि. एदमों यास,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे तू फोन उचलत नाहीस आणि सोफी म्हणते तू घरात नसतोस. म्हणून लिहिते. वाचलंस तर बरं.

लब्रुने आला होता. स्लिमानने त्याला आत बोलावलं, कॉफी दिली, ईस्टरचा केक कापला. मग खिडकीतून गाडीकडे बघत विचारलं, साहेब गाडीत बसलेत का. लब्रुने नाही म्हणाला. स्लिमान म्हणाला, मग हे साहेबांच्या हातात द्यायचंय, तुमच्या नाही. लब्रुनेने तासभर कायदा समजावला, देशाचं भवितव्य समजावलं. स्लिमानने त्याला केकचा आणखी एक तुकडा दिला. मग तो माझ्याकडे धावत आला, दुसरा फॉर्म भरा म्हणाला. एका मेयरला एकच मिळतो. ते त्यालाही माहीत होतं, बिचारा घामाघूम झाला होता.

तो गेल्यावर मी खिडकीत उभी राहिले. मंगळवारीही राहिले. प्रत्येक गाडीचा आवाज ऐकत होते. एकदा दुधाची गाडी आली, एकदा पोस्टमन. तुला खरं सांगू का? तू आला असतास तर स्लिमानने दिली असती, मीही देऊ दिली असती, आणि पेपरात माझं नाव आल्यावर गावात मान खाली घालून फिरले असते. मला त्याची लाज वाटते, पण दिली असती. रेडिओ तुला आडवा आला नाही, एदमों. तो चेहरा पुन्हा दहा पावलांवरून बघायला तू घाबरलास. तू त्याला पाहिलं होतंस. मी तुझी बहीण आहे, मला तुझा खोटा आवाज कागदावरही ऐकू येतो.

काल मतदान झालं. सकाळी आठला मी पेटी उघडून रिकामी दाखवली, टेबलावर नऊ उमेदवारांच्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे मांडले. पहिल्या तासातच स्लिमान कोट घालून आला. पदकं नव्हती. टेबलापाशी बराच वेळ उभा राहिला, प्रत्येक गठ्ठ्यावरचं नाव बोट ठेवून वाचलं, मग मला हळूच विचारलं की साहेबांचा गठ्ठा कुठे आहे. मी त्याला सांगितलं की तो छापलाच नाही. त्याने मान हलवली, नियमाप्रमाणे सगळ्या चिठ्ठ्या एकेक आणि एक रिकामा लिफाफा उचलून पडद्यामागे गेला.

संध्याकाळी सहाला मोजणी. एकशे अठ्ठेचाळीस लिफाफे. एकाहत्तरावा मी उघडला. आत छापील चिठ्ठी नव्हती, वहीचा चौकटीचा कागद होता, त्यावर पेन्सिलने एकच शब्द. पेरार. कुणी टाकला हे मला माहीत नाही असंच मला कायद्याने म्हणायला हवं, आणि मी तसंच म्हणते. पण त्यातला प बुटासारखा होता, पाय पुढे काढलेला.

वर्दा समोर बसून यादीवर खुणा करत होती. तिने कागद माझ्या हातातून घेतला, बराच वेळ बघितला आणि टेबलावर ठेवला. जो उमेदवार नाही त्याच्या नावाची चिठ्ठी बाद धरायची असते. बाद चिठ्ठीवर मेयरने सही करून ती अहवालाला टाचायची असते. वर्दाने टोपण काढून पेन माझ्यापुढे धरलं. तेव्हा तुझ्या नावाखाली मी शेवटी सही केली, आणि शिक्का तिने मारला. ह्या खेपेला तो पहिल्यांदाच स्वच्छ उमटला.

सोबत मधाची बाटली पाठवतेय. माझी नाही, स्लिमानने दिलीय. काल रेडिओवर तुझा आवाज ऐकला म्हणतो, अजून बसलेलाच आहे.

रस्ता अजून अडीच तासांचाच आहे. फाटक मी लावलेलं नाही.

तुझी ताई,
ओदिल